शॉर्टकटमुळे मजकूर उडणे

संगणकावर लिहिताना चुकून भलतीच कळजोडी दाबली गेल्याने लिहिलेला मजकूर पुसला जाणे किंवा फाइल अचानक बंद होणे. मराठी टंकलेखनात हा धोका जास्त असतो, आणि त्याचे कारण कळफलकातच आहे.

१९९१च्या भारतीय मानकातल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर क-ख, द-ध, ब-भ या जोड्या एकेका कळीवर बसवल्या आहेत. ख, ध, भ, ण, ळ आणि सुटे स्वर यांसाठी शिफ्ट धरावी लागते. बहुतेक कळफलकांवर शिफ्टच्या खालीच कंट्रोल असते. करंगळी जरा घसरली की अक्षर उमटत नाही, संगणकाला हुकूम जातो.

महाड-पोलादपूरकडच्या जमिनीच्या दस्तात चतुःसीमा लिहिताना ‘ओहोळ’ हमखास येतो. त्यातला ‘ओ’ शिफ्ट-एवर आहे. तिथे कंट्रोल-ए दाबले गेले तर सबंध दस्त निवडला जातो, आणि नजर हस्तलिखितावर असेल तर ते कळतही नाही. पुढच्या ‘ह’बरोबर सगळे पुसून पडद्यावर नुसते ‘होळ’ उरते. ‘ऐपतीचा दाखला’ लिहिताना ‘ऐ’ चुकला, तर कंट्रोल-डब्ल्यूने फाइल किंवा ब्राउझरची टॅब बंद होते. ‘ळ’ चुकल्यास कंट्रोल-एनने कोरे पान उघडते. तिथे घाबरू नये, जुनी फाइल मागे शाबूत असते.

खरे नुकसान होते ते कंट्रोल-एसने. पावसाळ्यात वीज जाते म्हणून दर दोन ओळींनी सेव्ह करण्याची सवय कोकणात अंगवळणी पडलेली असते. सवय चांगलीच आहे. पण मजकूर उडाल्यावर तीच कळजोडी दाबली गेली, तर चांगल्या फाइलवर ते ‘होळ’ कायमचे बसते.

म्हणून मजकूर नाहीसा दिसताच हात थांबवावा, फाइल बंद करू नये आणि आधी कंट्रोल-झेड दाबावे. वर्डमध्ये सेव्ह केल्यानंतरही, फाइल उघडी असेपर्यंत, मागे जाता येते. जुन्या नोटपॅडला मात्र शेवटची एकच कृती आठवते. दुसऱ्यांदा कंट्रोल-झेड दाबले की परत आलेला मजकूर पुन्हा जातो. विंडोज ११च्या नोटपॅडमध्ये ही अडचण उरलेली नाही.

महत्त्वाच्या दस्ताची प्रत रोज तारखेच्या नावाने वेगळी ठेवावी, तीही दुसऱ्या जागी. जुलै २०२१च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. संगणकाशेजारच्या खणातला पेनड्राइव्ह अशा वेळी उपयोगाचा नाही. गूगल डॉक्समध्ये लिहिल्यास त्याच फाइलच्या आधीच्या आवृत्त्याही परत मिळवता येतात.