संजय गांधी राष्ट्रीय उद्यान : भांडुपकडील कड

मुंबई उपनगर आणि ठाणे जिल्ह्यांतील सुमारे 104 चौ. किमी. क्षेत्राचे राष्ट्रीय उद्यान. पश्चिमेस बोरिवली-गोरेगाव, पूर्वेस भांडुप-मुलुंड. वस्तीने वेढलेले हे रान टिकले ते मुख्यतः पाण्यामुळे. कान्हेरीच्या लेण्यांतील पोढ्या (पाण्याची टाकी) इथले पावसाचे पाणी शतकानुशतके साठवत आल्या. विहार तलाव 1860 मध्ये व तुळशी 1879 मध्ये पुरा झाल्यावर शहराच्या पिण्यासाठी त्यांचा पाणलोट राखला गेला. म्हणजे उद्यानाची हद्द मुळात पाण्याच्या सोयीने ठरली, प्राण्यांच्या वावराने नव्हे. ऐन, साग, कुसुम, काटेसावर यांचे पानझडी जंगल, साधारण आठ वर्षांनी फुलणारी कारवी (अलीकडे 2016 व 2024), चितळ, सांबर, भेकर, तलावांतल्या मगरी ही संपदा त्या हद्दीत सांभाळली गेली. बिबट्या मात्र तिच्यात मावत नाही. म्हणून भांडुपच्या डोंगरउतारावरील वस्त्यांची कडही त्याच्या अधिवासातच मोजली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा, की जंगलात शिकार उरली नाही म्हणून तो वस्तीत येतो. 2015 च्या अभ्यासात उद्यान व लगतच्या भागात 35 बिबटे नोंदले गेले. त्यांच्या आहारात निम्म्याहून अधिक वाटा वन्य प्राण्यांचा, तर सुमारे पाव वाटा कुत्र्यांचा आढळला. म्हणजे जंगल रिकामे नाही. उघड्या कचऱ्यावर पोसलेली कुत्री हे कडेला मिळणारे जादा भक्ष्य आहे, आणि ते कमी करणे वस्तीच्या व महापालिकेच्या हाती आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : माणसांचा जीव जात असेल तर बिबट्या पकडून दूर का सोडू नये? पण 2004 मध्ये इथले हल्ले शिगेला पोहोचले, ते धरपकड आणि स्थलांतर चालू असतानाच. जुन्नर भागातील अभ्यासातही बिबटे नेऊन सोडलेल्या ठिकाणी हल्ले वाढल्याचे दिसले. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी तिथे राहतोच असे नाही, आणि रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. 2011 पासून वनविभागाने नागरिकांना बरोबर घेऊन जनजागृतीवर भर दिला. त्यानंतरही उद्यानालगतच्या आरे वसाहतीत हल्ले झाले, म्हणून नुसती जागृती पुरत नाही. धोका सर्वांना सारखा नसतो : ज्या पाड्यांत घराजवळ शौचालय नाही, वाटेवर दिवे नाहीत, तिथल्या मुलांवर तो सर्वाधिक येतो. त्यामुळे दिवे, शौचालये आणि रोजची कचरा-उचल यांचा खर्च वन्यजीव संरक्षणाच्या हिशेबात धरायला हवा.