टूरिंग कार रेसिंग म्हणजे काय? राष्ट्रीय हंगाम, गाड्या, नियम आणि आपलं चाकण कनेक्शन

मागच्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने एका गॅरेजमध्ये गाडीच्या स्प्रिंगचे दोन-दोन वेढे कापून घेतले. का, तर गाडी खाली बसली की "रेस कारसारखी" दिसते! आठवडाभरातच देहूरोडच्या जुन्या हायवेवर एका स्पीडब्रेकरवरून उडताना सैल झालेली स्प्रिंग जागेवरून सटकली आणि गाडी थेट दुभाजकावर. नशीब, मनगटावरच निभावलं. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून तो मला म्हणाला, "मामा, मग खऱ्या रेसच्या गाडीत नेमकं करतात तरी काय?"

प्रश्न चांगला होता. शिवाय तो रोज तळवड्यामार्गे चाकणला शिफ्टला जातो, म्हणजे जिथे रेसच्या गाड्या जन्माला आल्या त्याच पट्ट्यात. म्हणून हा लेख. चला, सुरुवातीपासून पाहू.

टूरिंग कार म्हणजे नेमकं काय?

शोरूममध्ये मिळणाऱ्या चार चाकी, छप्पर असलेल्या गाडीला रेससाठी तयार केलं की ती टूरिंग कार. फॉर्म्युला गाडी मुळातच रेससाठी बनते: एकच सीट, चाकं उघडी. टूरिंग कारचा सांगाडा मात्र तुमच्या-आमच्या पार्किंगमधल्या गाडीचाच असतो. त्यामुळे प्रेक्षकाला ती ओळखीची वाटते आणि कंपनीलाही आपली गाडी जिंकताना दाखवता येते.

भारतात हे नवीन नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर कुर्ल्यात बनलेल्या फियाट गाड्या सुधारून पळवल्या जायच्या. पुढे मारुतीच्या गाड्या आल्या, मग होंडा सिटी आणि पोलो.

राष्ट्रीय स्पर्धेत कोणकोणते गट असतात?

देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही संघटना पाहते. एमआरएफ आणि मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब यांच्या राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत बंद गाड्यांचे हे गट ओळखीचे आहेत:

- इंडियन टूरिंग कार्स (आयटीसी): सगळ्यात वरचा गट. इंजिन आणि सस्पेंशनवर बरंच काम करायची मुभा. कोइंबतूरचा अर्जुन बालू हे इथलं मोठं नाव, अनेक वेळा विजेता.
- इंडियन ज्युनिअर टूरिंग कार्स: लहान इंजिनाच्या गाड्या.
- सुपर स्टॉक: नावाप्रमाणेच, मूळ गाडीच्या जास्त जवळ.
- एमआरएफ सलून कार्स: सगळ्यांना एकसारख्या टोयोटा इटिओस. गाडी सारखीच, त्यामुळे फरक पडतो तो चालवणाऱ्याचा.

त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर फॉर्म्युला एलजीबी 1300 सारख्या एक-सीटर गाड्यांच्या रेसही होतात. त्या टूरिंगमध्ये मोडत नाहीत.

हंगाम कसा चालतो?

एक रेस जिंकली म्हणजे विजेतेपद मिळालं असं नसतं. हंगामात अनेक फेऱ्या असतात, बहुतेक शनिवार-रविवारला जोडून. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट (एक फेरा 3.717 किमी) हा मुख्य अड्डा. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे जवळपास 2.1 किमीचा, आखूड आणि वळणांचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट 5.125 किमी, म्हणजे लांब सरळ आणि मोठा वेग. तिन्ही ठिकाणी गाडीचं सेटिंग वेगळं लागतं.

एका फेरीचा क्रम साधारण असा:

1. तपासणी: गाडी, हेल्मेट, सूट, पट्टे सगळं नियमात आहे का ते पाहतात.
2. सराव: टायरमधली हवा, ब्रेक, सस्पेंशन जुळवतात.
3. पात्रता फेरी: सगळ्यात वेगवान फेरा मारणारा पुढे उभा राहतो.
4. रेस: एका फेरीत बहुधा एकाहून जास्त रेस.
5. पुन्हा तपासणी: इथे नियमभंग सापडला, तर जिंकलेली रेसही हातची जाते.

प्रत्येक रेसच्या क्रमांकाला गुण असतात आणि हंगामाअखेर बेरीज होते. समजायला फॉर्म्युला वनचे गुण घेऊ: पहिल्याला 25, दुसऱ्याला 18, तिसऱ्याला 15. 'अ' दोन रेस जिंकला आणि दोनदा गाडी ठोकून बाहेर पडला: 50 गुण. 'ब' चारही वेळा तिसरा आला: 60 गुण. एकही रेस न जिंकता 'ब' पुढे! म्हणून हंगाम जिंकणारा ड्रायव्हर कधी हल्ला करायचा आणि कधी गाडी सांभाळून घरी आणायची, हे ओळखून असतो.

रेसच्या गाडीत काय बदलतात?

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. पैसा आधी वेगावर नाही, जीव वाचवण्यावर खर्च होतो.

रोल केज. आतली गादी, कार्पेट, मागची सीट काढून तिथे पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात. जागतिक संघटना एफआयएच्या नियमात मुख्य कमानीची नळी 45 मिमी व्यासाची आणि 2.5 मिमी जाडीची, किंवा 50 मिमी व्यासाची आणि 2 मिमी जाडीची लागते, तीही बिनजोड. ही गाडी उलटली तरी छप्पर आत येत नाही. शिवाय पिंजऱ्यामुळे सांगाडा कमी पिळतो आणि सस्पेंशन ठरवल्यासारखं काम करतं.

ब्रेक. गणित करून पाहा. 1000 किलोची गाडी ताशी 180 किमीवरून 90 वर आणायची, तर ब्रेकना सुमारे 9.4 लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. एवढ्या उष्णतेत साधारण तीन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. आणि हे काही सेकंदांत, दर फेऱ्याला, पुन्हा पुन्हा! म्हणून पॅड वेगळे, हवेचे मार्ग वेगळे आणि ब्रेक ऑइलही वेगळं. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. उकळलं की त्यात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली जातं. आपल्या घरच्या गाडीचं ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला म्हणतात, ते याचसाठी.

सस्पेंशन. इथेही गाडी खाली आणतात, पण स्प्रिंग कापून नाही. कमी लांबीची, जास्त कडक आणि मोजून बनवलेली स्प्रिंग, तिला जुळणारा डँपर, आणि चाक पूर्ण लटकलं तरी स्प्रिंग जागेवर राहील अशी बैठक. कापलेल्या स्प्रिंगला यातलं काहीच नसतं.

टायर. कोरड्या ट्रॅकवरच्या स्लिक टायरला नक्षी नसते, जास्तीत जास्त रबर जमिनीला टेकतं. तो गरम झाल्यावरच पकड देतो. आपल्याकडच्या बहुतेक टूरिंग कार पुढच्या चाकांवर चालतात. ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचा मोठा भारही पुढच्याच टायरवर, त्यामुळे ते आधी दमतात. पहिल्या फेऱ्यांत जोर लावणारा शेवटी मागे पडतो तो यामुळेच.

आपलं चाकण कुठे येतं यात?

फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्याचं उद्घाटन 31 मार्च 2009 ला झालं आणि वर्षअखेर तिथून पोलो निघू लागली. लगेच 2010 मध्ये पोलो कप सुरू झाला: सगळ्यांना एकसारखी पोलो, तीही डिझेल! रेसमध्ये डिझेल ऐकून तेव्हा अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. पुढे पेट्रोल टर्बो इंजिनाची पोलो आली, 2015 मध्ये व्हेंटो आणि 2017 मध्ये अमिओ. अमिओ कपच्या गाडीत 1.8 लिटरचं टर्बो इंजिन होतं, ताकद 205 पीएस. चाकणच्या गेटमधून बाहेर पडणारी साधी सेडान आणि ती रेस कार, दोघींचा सांगाडा मात्र एकाच कुळातला.

पुण्याची राष्ट्रीय विजेती

ऑगस्ट 2024 मध्ये पुण्याच्या डायना पुंडोले हिने चेन्नईत एमआरएफ सलून कार्स गटाचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. पुरुषांबरोबर एकाच रांगेत धावून राष्ट्रीय कार रेसिंगचं विजेतेपद मिळवणारी ती भारतातली पहिली महिला. आधी शिक्षिका, दोन मुलांची आई. 2018 मध्ये जेके टायरच्या महिलांसाठीच्या उपक्रमातून तिची निवड झाली होती. म्हणजे निवड ते विजेतेपद, मध्ये सहा वर्षं. पुढे ती फेरारीच्या आंतरराष्ट्रीय मालिकेपर्यंत पोहोचली. तिची कहाणी मी भाच्याला मुद्दाम सांगितली.

सुरुवात कुठून करायची?

- कार्टिंग: सगळ्यात आधी हेच. कोल्हापूरचा मोहितेंचा ट्रॅक यासाठी प्रसिद्ध आहे. तिथलाच ध्रुव मोहिते पुढे टूरिंग कारमध्ये धावला.
- प्रशिक्षण आणि लायसन्स: राष्ट्रीय रेससाठी एफएमएससीआयचं स्पर्धा लायसन्स लागतं. आरटीओचं चालत नाही.
- वन-मेक गट: आयोजकांच्या तयार गाडीत भाडं भरून धावता येतं. स्वतःची गाडी बांधण्यापेक्षा हे सोपं, पण स्वस्त अजिबात नाही.
- मार्शल किंवा मेकॅनिक: ट्रॅकवर झेंडे दाखवणारे, पिटमध्ये पाना फिरवणारे यांच्याशिवाय रेस होत नाही. आपल्या पट्ट्यातल्या आयटीआयच्या पोरांनी याचा जरूर विचार करावा.

आणि हायवेवर?

नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे: पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंड बाजूला ठेवा. ट्रॅकवर वळणाबाहेर मोकळी जागा असते, मार्शल असतो, अँब्युलन्स उभी असते. जुन्या हायवेवर रात्रपाळी सुटलेला सायकलवाला असतो.

भाच्याच्या गाडीला आता कंपनीच्या मूळ स्प्रिंग बसल्या आहेत. कापलेली स्प्रिंग त्याने टाकून दिली नाही, खिडकीत ठेवली आहे. कार्टिंगला कधी जायचं ते मात्र तो दर रविवारी विचारतो. हात पूर्ण बरा झाला की कोल्हापूरला नेईन असं मी कबूल केलंय.