लेसर शस्त्रक्रियेपूर्वीच 'नंतरच्या' डोळ्याचे चित्र

शिरूर किंवा दौंडहून पुण्याला येऊन चष्म्याचा नंबर घालविण्याचा विचार करणाऱ्या तरुणाचा पहिला प्रश्न असतो : शस्त्रक्रियेनंतर माझा डोळा कसा असेल? याचे उत्तर आधीच चित्ररूपाने मिळविण्यासाठी संशोधक 'जनरेटिव्ह' कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजेच नवी प्रतिमा तयार करणाऱ्या संगणकप्रणालीचा आधार घेत आहेत. हे चित्र उपयुक्त ठरू शकते. मात्र ते मोजमाप नव्हे, अंदाज आहे.

लेसर काय करतो?
डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. 'लॅसिक' पद्धतीत त्याचा सुमारे 110 मायक्रॉन जाडीचा पापुद्रा उचलून खालचा थर एक्सायमर लेसरने कोरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हा लेसर सजीवांच्या ऊती अचूक कोरू शकतो, हे 1981 मध्ये अमेरिकेतील 'आयबीएम'च्या प्रयोगशाळेत दाखविणाऱ्या तिघांत भारतात जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन होते. 6 मिलिमीटर व्यासाच्या भागात उणे 1 नंबरसाठी सुमारे 12, तर उणे 6 नंबरसाठी सुमारे 72 मायक्रॉन थर जातो. गेलेला थर पुन्हा भरून येत नाही.

संगणक कसा शिकतो?
इयान गुडफेलो व सहकाऱ्यांनी 2014 मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन संगणकीय जाळी परस्परांशी स्पर्धा करतात. एक प्रतिमा बनविते. दुसरे ती खरी की बनावट, हे पारखते. अनेक रुग्णांचे शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे कॉर्नियाचे नकाशे जोडीने दाखविल्यावर ही प्रणाली नव्या रुग्णाचा 'नंतरचा' नकाशा रेखाटू लागते. त्यावरून उपचाराची आखणी आधीच तपासून पाहावी, हा यामागील हेतू आहे.

सावधगिरी कशासाठी?
शिकताना जे डोळे पाहिले नाहीत, त्यांच्याबाबत प्रणाली चुकू शकते; तरीही चित्र सुबकच दिसते. कॉर्नियाची जाडी सर्वसाधारणपणे 540 मायक्रॉनच्या आसपास सांगितली जाते. नागपूर परिसरातील ग्रामीण भागात 2006 ते 2008 दरम्यान झालेल्या 'सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी'त मात्र ती सरासरी 514 आढळली. कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याच्या केरॅटोकोनस या विकाराचे प्रमाण तेथे 2.3 टक्के नोंदले गेले. अशा डोळ्यावर लॅसिक केल्यास दृष्टी आणखी बिघडण्याचा धोका असतो.

हिशेब सोपा आहे. 514 मायक्रॉनमधून पापुद्र्याचे 110 व उणे 6 नंबरचे 72 वजा केल्यास 332 उरतात. जाडी 460 असेल, तर 278च. किमान 250 मायक्रॉन उरावेत, असा संकेत आहे. अनेक तज्ज्ञ 300चा आग्रह धरतात.

काय विचारावे?
माझ्या कॉर्नियाची प्रत्यक्ष मोजलेली जाडी किती, शस्त्रक्रियेनंतर किती उरेल आणि प्रणाली भारतीय डोळ्यांवर तपासली आहे का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावेत. भरतीचे नियमही आधी वाचावेत. दौंडसारख्या रेल्वे जंक्शनच्या गावात हे विशेष महत्त्वाचे. कारण सहायक लोको पायलटच्या 2024 मधील भरतीत लॅसिक झालेले उमेदवार अपात्र होते. संगणकाने काढलेले चित्र कितीही निर्दोष असले, तरी तो नियम त्याने बदलत नाही.