पेढ्याच्या मुलखात चॉकलेटचा डबा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे अर्धवट राहिलं, ते इथे थोडं नीट केलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज चॉकलेटवर बोलायचंय. आणि खव्यावरही. दोन्ही एकाच भागात कशाला, असं वाटेल. थोडं थांबा, जोडणी आपोआप होईल.

आधी एक खुलासा. मी वाशीची. म्हणजे खाडीपलीकडची, मॉलवाली वाशी नाही हो. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या माथ्यावरची. पुण्यात कुणाला गाव सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हार्बर लाईनने आलीस का?" आमच्याकडे येते ती एसटी, बार्शी, भूम करत करत.

अशाच एका एसटीतून, मागच्या मे महिन्यात, मी मामांसाठी चॉकलेटचा डबा घेऊन निघाले. पुण्यातल्या एका छोट्या दुकानातला, हातानं बनवलेल्या चॉकलेटचा. सोळा नग, आठशे रुपये. प्रत्येक नग वेगळा, त्यावर बारीक नक्षी, खाली कागदाची वाटी. दुकानात पाऊल टाकलं की जो वास येतो ना, त्या वासालाच मी भुलले होते.

आता मे महिना, दुपारची एसटी आणि चॉकलेट. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. मामांनी डबा उघडला तेव्हा सोळा नगांचा एकच नग झाला होता. मामींनी तो तसाच फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी पाहिलं तर वर पांढुरका थर. मामा म्हणाले, "बुरशी आली की गं!"

बुरशी नव्हती ती. चॉकलेटमध्ये कोकोच्या बीचं स्वतःचं तूप असतं, कोको बटर. ते साधारण ३४ अंशांना वितळतं. आपल्या तोंडातली उष्णता त्याहून जराशी जास्त, म्हणून चांगलं चॉकलेट जिभेवर ठेवलं की विरघळतं. पण वाशीत मे महिन्यात सावलीतही चाळीस! तिथं ते डब्यातच विरघळतं, आणि पुन्हा थिजताना त्यातलं तूप वर येऊन पांढरं दिसतं. खायला काही अपाय नाही, फक्त रूप जातं.

मी हे सगळं समजावून सांगितलं. मामांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. मामा चाळीस वर्षं खव्याच्या भट्टीवर उभे राहिलेले. ते काय म्हणाले माहितीये? "ह्यात दूध हाय. आणि ते आटवलेलं हाय." मग डोळे उघडून, "किती म्हणालीस, आठशे?"

त्या एका वाक्यावरून हा अख्खा भाग निघालाय.

आपल्या लहानपणची भाषा आठवा. दुकानात जाऊन आपण "चॉकलेट द्या" म्हणायचो आणि मिळायची संत्र्याची गोळी, नाहीतर लिमलेट. खऱ्या चॉकलेटला आपण चॉकलेट म्हणतच नव्हतो. त्याला म्हणायचो "कॅडबरी". ती कुठल्याही कंपनीची असो, कॅडबरीच.

ही भाषा उगाच नाही आली. गोळ्या आपल्या मातीतल्या होत्या. मुंबईत विलेपार्ल्याला १९२९ मध्ये पार्ले सुरू झाली, ती गोळ्या-मिठायांपासूनच. बिस्किटं नंतर आली. नाशिक जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात रावळगाव आहे. तिथं वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून गोळ्या सुरू केल्या. हे वालचंद मूळचे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. रावळगावचं पान पसंद आणि मँगो मूड आठवतंय ना? २०२४ मध्ये हे ब्रँड रिलायन्सनं विकत घेतले, २७ कोटींना. थोडक्यात, साखर आपल्याकडे होती, म्हणून गोळी आपली झाली. कोको आपल्याकडे नव्हता, म्हणून चॉकलेट पाहुणं राहिलं.

आणि या पाहुण्याच्या येण्याची तारीख फार मजेशीर आहे. कॅडबरी कंपनी भारतात नोंदली गेली १९ जुलै १९४८ ला, मुंबईत. आता आठवा, त्या जुलैत आमची वाशी कुठं होती? निजामाच्या हैदराबाद संस्थानात. भारतात नव्हतीच. मराठवाडा मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ ला. म्हणजे कॅडबरी भारतात आली, आणि आम्ही तिच्यानंतर दोन महिन्यांनी! मामांना हे सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला.

बरं, आता युरोपात जाऊ. पण भराभर.

चॉकलेट मुळात खायची वस्तू नव्हती, प्यायची होती. मेक्सिको आणि आसपासच्या माया, ॲझ्टेक लोकांचं ते कडू, फेसाळ पेय. कोकोच्या बिया तिथं चलन म्हणूनही चालायच्या. स्पॅनिश लोकांमार्फत ते युरोपात गेलं, त्यात साखर पडली, आणि बराच काळ ते श्रीमंतांचं पेय म्हणूनच राहिलं. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हौटेननं कोकोतलं तूप दाबून वेगळं काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. हे तूप वेगळं मिळाल्यावर ते पुन्हा कोकोत मिसळून साच्यात ओतता येऊ लागलं. १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं वडी केली. वडी म्हणजे आपला बार.

आणि ती सुंदर दुकानं? त्यातली काही औषधांच्या दुकानांतून निघाली! ब्रसेल्समध्ये १८५७ साली ज्याँ नोयहाउस नावाच्या माणसानं दुकान उघडलं, ते औषधांचं. कडू औषध लोकांनी घ्यावं म्हणून तो त्यावर चॉकलेटचा थर द्यायचा. त्याच्या नातवानं १९१२ मध्ये आतलं औषध काढून टाकलं आणि गोड सारण भरलं. तेच बेल्जियमचं प्रालीन. १९१५ मध्ये नातसुनेच्या कल्पनेतून त्यासाठी खास डबा तयार झाला, कारण कागदाच्या पुडीत हे नाजूक नग चेपायचे. म्हणजे माझा आठशे रुपयांचा डबा त्याच घराण्यातला. फक्त त्यांनी वाशीची एसटी गृहीत धरली नव्हती.

आता येते माझी सगळ्यात आवडती गोष्ट. दुधाची.

स्वित्झर्लंडमध्ये व्हेव्हे नावाचं गाव आहे. तिथं डॅनियल पीटर नावाचा माणूस आधी मेणबत्त्या करायचा. लग्न झालं चॉकलेटवाल्या घरात, म्हणून तोही चॉकलेटमध्ये उतरला. भोवती गाईच गाई, दूधच दूध. त्याला वाटलं, दूध घालूया. घातलं, आणि माल खराब व्हायला लागला. कारण दुधात पाणी असतं. चॉकलेट म्हणजे तुपात घोटलेली पूड, तिचं आणि पाण्याचं जमत नाही. शिवाय पाणी राहिलं की माल टिकत नाही. पीटर कित्येक वर्षं याच एका अडचणीशी झगडला. त्याचा शेजारी होता हेन्री नेस्ले, हो, तोच नेस्ले. दूध आटवायचं, सुकवायचं तंत्र त्या परिसरात पिकत होतं. अखेर १८७५ च्या सुमाराला आटवलेलं दूध वापरून पीटरला मिल्क चॉकलेट जमलं.

दुधातलं पाणी काढणं. मंडळी, हे ऐकल्यावर मला एकदम मामांची भट्टीच दिसली.

आमचा भाग कायम दुष्काळाच्या छायेतला. भूम, परांडा, वाशी, सगळीकडे माळरान. इथं पिकापेक्षा म्हशीचा भरवसा जास्त. पण दुधाचं गिऱ्हाईक लांब, रस्ते वाईट, उन्हाळा कडक. धारेचं दूध दुपारपर्यंत नासायचं. मग करायचं काय? आटवायचं! पाच लिटर म्हशीच्या दुधाचा साधारण एक किलो खवा होतो. चार लिटर ओझं हवेत उडून जातं, आणि उरतं ते बाजारापर्यंत टिकतं. गावोगावी भट्ट्या लागल्या त्या याच हिशोबानं.

नाव मात्र मिळालं कुंथलगिरीचं. हे भूम तालुक्यातलं दिगंबर जैनांचं सिद्धक्षेत्र. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये इथंच सल्लेखना घेतली. देशभरातून यात्रेकरू येतात. आणि आमच्या वाशी तालुक्यातला सरमकुंडी फाटा, सोलापूर–धुळे महामार्गावरचा, तिथं तर पेढ्याच्या दुकानांची रांगच आहे. गाडी थांबते, कुणीतरी उतरून अर्धा किलो घेतं. अलीकडेच कुंथलगिरी खव्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅग मिळालाय.

आल्प्सच्या पायथ्याशी आणि बालाघाटाच्या माथ्यावर माणसांना एकच कोडं पडलं होतं: दूध भरपूर, गिऱ्हाईक लांब. दोघांनी एकच उत्तर काढलं. पाणी काढा. फरक एवढाच, की त्यांच्या उत्तराला मखमली डबा मिळाला आणि आमच्या उत्तराला पळसाचं पान, मग पुठ्ठ्याचा खोका.

आता दोघांचा शत्रूही एकच, बरं का. स्वस्त तेल. कोको बटर महाग असतं. २०२४ मध्ये तर कोकोचा भाव जगात टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, कारण निम्म्याहून जास्त कोको येतो आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून, आणि तिथं पीक बुडालं. मग कोको बटरऐवजी वनस्पती तेल घातलं जातं. त्याला धंद्यात कंपाउंड म्हणतात. थंड हवेच्या ठिकाणी "होममेड चॉकलेट" म्हणून जे मिळतं, त्यातलं पुष्कळसं हेच कंपाउंड वितळवून साच्यात ओतलेलं असतं. ते विकणं गुन्हा नाही, पण ते जिभेवर विरघळत नाही, टाळूला मेणासारखं चिकटतं. ओळखायचं असेल तर पाकिटामागची यादी वाचा. कोको बटर लिहिलंय की वनस्पती तेल, एवढंच बघा.

आणि खव्यात काय घालतात? तेच. वनस्पती तूप, नाहीतर पिठूळ काहीतरी. पिठाचं घरीही कळतं: खव्याचा तुकडा पाण्यात उकळून गार करा, आयोडीनचा थेंब टाका. निळं झालं, तर पीठ आहे.

आता खरं बोलायची वेळ आली.

त्या भेटीत मामांच्या मुलानं, म्हणजे दादानं, विषय काढला. त्याला मशीन घ्यायचं होतं. गॅसवर चालणारी, मोटरनं ढवळणारी कढई. मी लगेच उसळले. "अरे, हातानं केलेलं आहे म्हणून तर किंमत आहे! पुण्यात लोक हॅंडमेडला चौपट पैसे देतात!"

दादा काही बोलला नाही. मामा बोलले. "उद्या पहाटं चारला ये. तू धर खुरपं."

गेले. बाभळीच्या लाकडाचा जाळ, डोळ्यांत धूर, कढईत उकळतं दूध. थांबायचं नाही, थांबलात की तळाला लागलं. वीस मिनिटांत माझा खांदा गेला. एक घाणा उतरेपर्यंत मी तीनदा बाहेर येऊन खोकले. मामा चाळीस वर्षं तिथं उभे आहेत. तो ठसका, ज्याला मी हसण्याचा समजले होते, तो हसण्याचा नव्हता.

"हॅंडमेड" हा शब्द मी दुकानात किती सहज वाचला होता! हात कुणाचे, छाती कुणाची, हे डब्यावर कुठं लिहिलेलं असतं?

मग पुण्याला आल्यावर मी त्याच चॉकलेटच्या दुकानात जाऊन विचारलं, तुम्ही नेमकं हातानं काय करता? त्या ताईंनी मोकळेपणानं सांगितलं. कोको घोटायचं काम यंत्रच करतं. तसं ते १८७९ पासूनच करतंय. स्वित्झर्लंडच्या लिंडनं तेव्हा तासन्‌तास घोटणारं यंत्र काढलं, म्हणून चॉकलेट मऊ झालं. हाताचं काम शेवटी येतं. वितळलेलं चॉकलेट ठरावीक अंशांपर्यंत गार करायचं, पुन्हा किंचित गरम करायचं, मग साच्यात ओतायचं, सारण भरायचं. दोन अंश इकडे तिकडे झाले की चकाकी जाते, तुकडा कट्‌कन मोडत नाही. तिथं माणसाची नजर लागते.

मी दादाला फोन केला. म्हटलं, घे मशीन. आणि माझं आधीचं बोलणं विसर.

आता दिवाळीपासून मशीन चालू आहे. धूर नाही. पण शेवटची दहा मिनिटं, खवा कडा सोडायला लागतो, दाणा धरतो, तेव्हा मामा मोटर बंद करतात आणि खुरपं हातात घेतात. दादा म्हणतो, गरज नाही. मामा म्हणतात, "मशीनला वास कळतो का?"

मला वाटतं, चांगल्या चॉकलेटच्या दुकानाची ओढ हीच आहे. शेवटी कुणीतरी वास घेऊन, नजर लावून "झालं" म्हणतं, आणि आत काय घातलंय ते लपवत नाही. सरमकुंडी फाट्यावर थांबलात, तर नुसतं "अर्धा किलो द्या" म्हणू नका. विचारा, खवा कुठला, आज कधी उतरला. ज्याचा माल चोख आहे, तो उत्तर देईल, वर चवीला एक पेढाही देईल.

डिसेंबरात मी पुन्हा डबा नेला. थंडी होती, सोळाच्या सोळा नग शाबूत. मामींनी एक खाल्ला, आणि मला परतताना दोन किलो पेढे बांधून दिले. म्हणाल्या, "त्या चॉकलेटवाल्या ताईला दे. म्हणावं, आमच्याकडचंही खाऊन बघ."

दिले. त्या ताईंनी पहिला पेढा तोंडात टाकला, डोळे मिटले. अगदी मामांसारखे.

चला, पुढच्या भागात भेटू. तुमच्या गावची मिठाई कोणती आणि ती कशामुळे सुरू झाली, ते मला नक्की कळवा. काळजी घ्या!