५१व्या वर्षी आकाशाकडे

मैत्रिणींनो, अमेरिकेतल्या कॅरोलिनबाई शूमेकर यांची तीन मुलं मोठी झाली, घर रिकामं वाटू लागलं. मग ५१व्या वर्षी त्या नवऱ्याच्या, जीन यांच्या, कामात शिरल्या. पालोमार वेधशाळेतून आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या वेळाने काढलेले दोन फोटो त्या दोन भिंगांखाली एकत्र बघायच्या. तारे जागच्या जागी. सरकलेला ठिपका तेवढा वर उचलल्यासारखा दिसायचा. तो लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगड, नाहीतर धूमकेतू. आम्हाला तर तांदळातले खडे वेचणारी नजरच आठवली! असे शेकडो लघुग्रह आणि ३२ धूमकेतू त्यांनी शोधले. १९९३ साली सोबत्यांसह शोधलेला एक तर पुढच्याच वर्षी गुरूवर आदळला. १९९७ साली ऑस्ट्रेलियात मोटार अपघातात जीन गेले, त्याही जबर जखमी झाल्या. बऱ्या होऊन त्या पुन्हा कामाला लागल्या.