टाईल्स न फोडता जुनं बाथरूम नवं कसं करायचं? आणि फोडणंच गरजेचं कधी असतं?

फिकट गुलाबी किंवा पिस्ता रंगाच्या टाईल्स, मधल्या एका ओळीत फुलांचं डिझाइन, काळपट पडलेले सांधे, टपटप गळणारा नळ आणि आरशावर एक मिणमिणती ट्यूबलाइट. २५-३० वर्षांपूर्वीच्या इमारतींमधली बरीच बाथरूम्स आजही अशीच दिसतात. ती बदलायची म्हटली की पहिला सल्ला मिळतो तो 'सगळं फोडून नवीन करून घ्या' असा.

सोशल मीडियावरच्या 'आधी आणि नंतर'च्या व्हिडिओंमध्ये हे काम अर्ध्या मिनिटात होतं. प्रत्यक्षात घरात एकच बाथरूम असेल तर आठवडा-दोन आठवडे आंघोळ कुठे करायची इथपासून प्रश्न सुरू होतात. त्याहून मोठी जोखीम वेगळीच असते. ती तुमच्या घरात दिसतही नाही, ती खालच्या मजल्यावरच्या लोकांच्या छतावर दिसते.

म्हणून आधी हे पाहू की टाईल्स फोडल्यावर नेमकं काय फुटतं. मग टाईल्स तशाच ठेवून काय काय बदलता येतं ते पाहू.

जमिनीखाली काय असतं?

अनेक इमारतींमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यातून सांडपाण्याचे पाईप जातात. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर असतो आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून जागा भरलेली असते. सगळ्यात वर टाईल्स बसवतात.

म्हणजे पाणी अडवण्याचं खरं काम टाईल्स करत नाहीत, तो खालचा थर करतो. ब्रेकर लावून जमीन फोडली की हा थर दुखावण्याची शक्यता असते. एकदा जमीन फोडली तर वॉटरप्रूफिंग नव्याने करणं आणि पाणी साठवून त्याची चाचणी घेणं, हे दोन्ही टाळता येत नाही. घाईत नेमक्या याच दोन गोष्टी गाळल्या जातात आणि काही महिन्यांनी खालच्या घरात ओल उतरते.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाईपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतल्या गळतीचा खर्च सदस्याचा असतो. त्यामुळे फोडण्याचा निर्णय फक्त तुमच्या बाथरूमपुरता राहत नाही. तोडफोड करण्याआधी सोसायटीची लेखी परवानगीही घ्यावी लागते.

आधी तपासणी: टाईल्स ठीक आहेत का?

यासाठी तीन सोप्या चाचण्या आहेत.

१. नाण्याची चाचणी. प्रत्येक टाईलवर नाण्याने हलकेच टकटक करा. भरीव आवाज आला तर टाईल घट्ट बसलेली आहे. पोकळ आवाज आला तर मागचा मसाला सुटला आहे. दोन-चार टाईल्स पोकळ असतील तर तेवढ्याच काढून बसवता येतात. पूर्ण भिंतच पोकळ वाजत असेल तर वरवरच्या कामात पैसे घालू नका.

२. ओलीची वेळ. खालच्या घरात किंवा शेजारच्या खोलीच्या भिंतीवर ओल असेल तर ती कधी वाढते ते पाहा. बाथरूम दोन दिवस न वापरताही ओल तशीच राहिली किंवा वाढली, तर भिंतीतल्या पाण्याच्या पाईपवर संशय घ्यायला हवा, कारण त्यात सतत दाब असतो. वापरल्यावर वाढते आणि बंद ठेवल्यावर कमी होते, असं असेल तर जमीन, सांधे किंवा सांडपाण्याचा मार्ग तपासावा लागेल.

३. पाणी साठवून पाहणं. खाली राहणाऱ्यांना सांगून नहाणीची जाळी घट्ट बंद करा, जमिनीवर इंचभर पाणी साठवा आणि २४ तास ठेवा. पातळी घटली किंवा खाली ओल आली तर वॉटरप्रूफिंगमध्ये दोष असू शकतो. हे पाणी उंबरठ्याच्या खाली राहील याची मात्र काळजी घ्या.

या तिन्ही चाचण्यांमध्ये बाथरूम पास झालं, तर ते खराब झालेलं नाही, फक्त जुनं दिसतंय. पुढचं सगळं अशा बाथरूमसाठी आहे.

पहिलं काम: डाग काढणं

टाईल्स जुनाट दिसण्याचं मोठं कारण म्हणजे क्षारांचा पांढरा थर. बोअरवेलचं किंवा जड पाणी असेल तर तो लवकर जमतो. त्यात मुख्यतः कॅल्शियमचे क्षार असतात आणि ते सौम्य आम्लात विरघळतात. चकचकीत सिरॅमिक टाईल्सवर पांढरा व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेलं लिंबूसत्त्व लावा, १०-१५ मिनिटं ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा.

शहाबादी, कोटा किंवा संगमरवरावर हा उपाय करू नका. हे दगडही कॅल्शियमचेच असल्यामुळे आम्ल त्यांनाच खातं आणि चमक कायमची जाते. सिमेंटच्या नक्षीदार किंवा मोझेक टाईल्सचंही तेच होतं.

दुकानात नुसतं 'अ‍ॅसिड' म्हणून मिळतं ते बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते डाग झटपट काढतं, पण सांध्यातलं सिमेंटही खातं आणि नळांचं पॉलिशही घालवतं. ते ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू तयार होतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

सगळ्यात जास्त फरक पाडणारं काम: सांधे

एक प्रयोग करा. बाथरूमचा फोटो काढा आणि त्यात तुम्हाला नेमकं काय खटकतं ते पाहा. अनेकदा टाईलचा रंग नव्हे, तर तिच्याभोवतीची काळी चौकट खटकत असते.

जुने सांधे नुसते रंगवले तर रंग काही महिन्यांत निघतो. आधी सांधा दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून घ्यावा लागतो, धूळ काढावी लागते आणि मग नवीन ग्राउट भरावं लागतं. ग्राउटचे दोन मुख्य प्रकार आहेत.

- सिमेंटचं ग्राउट: स्वस्त आणि भरायला सोपं. पण ते पाणी शोषतं, त्यामुळे डाग पडतात. सांधा ३ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर वाळू नसलेलं, बारीक ग्राउट घ्या.
- इपॉक्सी ग्राउट: महाग, पण पाणी आणि डाग जवळपास शोषत नाही. ते लवकर घट्ट होतं आणि टाईलवर राहिलं तर निघता निघत नाही. म्हणून सवयीचा कारागीरच हवा.

इथे एक अडचण येते. जुन्या बाथरूममध्ये अनेकदा टाईल्स एकमेकींना चिकटवून बसवलेल्या असतात आणि फटीत फक्त व्हाइट सिमेंट असतं. अशा केसाएवढ्या फटीत इपॉक्सी नीट जातच नाही. तिथे जुनं, सुटलेलं व्हाइट सिमेंट काढून बारीक सिमेंट ग्राउट भरणं हाच व्यवहार्य मार्ग आहे.

दोन भिंती मिळतात तो कोपरा, भिंत आणि जमिनीचा सांधा आणि कमोडच्या भोवतीची कड इथे ग्राउटऐवजी बुरशीरोधक सिलिकॉन भरा. या जागा किंचित हलतात. सिमेंटला तिथे तडा जातो, सिलिकॉन ताणलं जातं.

नवीन ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. सांध्यातून झिरपणारं पाणी त्याने कमी होतं, पण खालचा थर फुटला असेल तर ग्राउट तो दोष झाकू शकत नाही.

नळ, शॉवर, फ्लश: काय बदलता येतं?

भिंतीबाहेर दिसणारे नळ आणि वॉल मिक्सर टाईल्स न फोडता बदलता येतात. मिक्सरच्या दोन तोंडांमधलं अंतर साधारण १५० मिलिमीटर असतं आणि थोडा फरक त्याच्या तिरक्या जोडांनी जुळवता येतो. तरी खरेदीआधी मोजून घ्या. जुन्या वॉशरच्या नळांऐवजी पाव फेऱ्यात उघडणारे, आत सिरॅमिकच्या चकत्या असलेले नळ घेतले की टपटप बरीच कमी होते.

यात एक धोका आहे. जुन्या इमारतीत भिंतीत जीआयचे, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाईप असू शकतात. ते आतून गंजलेले असले तर नळ फिरवताना आटे भिंतीच्या आतच तुटतात आणि मग टाईल फोडावीच लागते. म्हणून हे काम सकाळी सुरू करा, मेन कॉक नीट बंद होतो का ते आधी तपासा आणि प्लंबरला पाईप कसला आहे ते पाहायला सांगा. शहाणपण म्हणजे माळ्यावर, पलंगाखाली जुन्या टाईल्स शिल्लक आहेत का ते आधीच शोधून ठेवा. गुजरातमधलं मोरबी हे देशातलं टाईल्सचं मोठं केंद्र आहे, पण डिझाइन्स इतक्या वेगाने बदलतात की जुनी टाईल तंतोतंत जुळणं कठीण असतं.

भिंतीत दडवलेला डायव्हर्टर असेल तर बाहेरची तबकडी आणि मूठ बदलता येते, पण ती त्याच कंपनीची आणि आतल्या भागाला जुळणारी हवी.

वेस्टर्न कमोड बदलताना त्याचं मैल्याचं तोंड भिंतीत जातं की जमिनीत, आणि जमिनीत जात असेल तर भिंतीपासून किती अंतरावर, हे मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका. जुन्या टाक्या एका फ्लशला १० लिटरपर्यंत पाणी सोडतात. दोन बटणांच्या नव्या टाक्यांमध्ये बहुधा ३ आणि ६ लिटरचा पर्याय असतो. भारतीय पद्धतीचं भांडं काढून कमोड बसवायचा असेल तर मात्र जमीन फोडावी लागते.

टाईल्सवर रंग, स्टिकर की दुसरी टाईल?

स्टिकर: वॉश बेसिनच्या मागे, कोरड्या भिंतीवर चालतात. शॉवरखाली कडा सुटतात आणि मागे बुरशी धरते. भाड्याच्या घरात मात्र हा पर्याय बरा, कारण तो परत काढता येतो.

टाईलचा रंग: साधा ऑइल पेंट चकचकीत टाईलवर टिकत नाही. टाईलसाठीचा दोन भागांचा इपॉक्सी रंग घ्या. आधी तेलकटपणा काढून पृष्ठभाग घासावा लागतो आणि नंतर डब्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत पाणी लागू देता येत नाही. भिंतीसाठी ठीक, पण सतत पाणी पडणाऱ्या जमिनीवर टाळाच.

टाईलवर टाईल: खास चिकटवणी वापरून होऊ शकतं, पण चिकटवणी धरून जमीन साधारण १० ते १५ मिलिमीटर उंच होते. दरवाजा अडकू शकतो, नहाणीची जाळी खोल जाते आणि उताराचा हिशोब बिघडतो. उतार मीटरमागे साधारण १ सेंटिमीटर हवा. नाहीतर पाणी उंबरठ्याकडे धावतं.

टाईल्सच्या बाहेरच्या गोष्टी

जुन्या बाथरूममध्ये टाईल्स अनेकदा अर्ध्या भिंतीपर्यंतच असतात. वरच्या भिंतीला आणि छताला बुरशीरोधक रंग द्या. रंग टाईलशी भांडणारा नको. गुलाबी टाईलवर उबदार पांढरा, हिरव्या टाईलवर मोतिया शोभतो. फुलांची ओळ नकोशी वाटत असेल तर तेवढ्याच पट्टीला एकरंगी इपॉक्सी रंग देऊन पाहा.

खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांपैकी एक-दोन काढून एक्झॉस्ट फॅन बसवला तर बुरशी परत येण्याचं प्रमाण कमी होतं. खालून कुजलेल्या लाकडी दाराऐवजी पीव्हीसी किंवा एफआरपीचं दार लावा. वायरिंग जुनं असेल तर गिझरसाठी १६ अँपिअरचं स्वतंत्र, अर्थिंग असलेलं पॉइंट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. दिसण्यात याने काही फरक पडत नाही, पण ओल्या जागेत विजेचा धक्का बसला तर हेच उपकरण प्रवाह तोडतं.

घरात ज्येष्ठ असतील तर भिंतीला आधाराचा दांडा हवाच. त्याचे स्क्रू टाईलमध्ये नव्हे, मागच्या विटांमध्ये घट्ट बसले पाहिजेत. टाईलला छिद्र पाडताना ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा आणि पोकळ वाजणारी टाईल टाळा.

मग फोडायचं कधी?

- पाणी साठवण्याच्या चाचणीत गळती सापडली तर.
- भिंतीतले पाईप गंजून पाणी लाल येत असेल किंवा भिंत सतत ओली असेल तर.
- मोठ्या भागातल्या टाईल्स पोकळ किंवा फुगलेल्या असतील तर.
- जमिनीचा उतारच चुकला असेल आणि पाणी साचत असेल तर.
- संडासाची जागा किंवा प्रकार बदलायचा असेल तर.

अशा वेळी टाईल्स वाचवणं म्हणजे दुखणं झाकणं. आधी वॉटरप्रूफिंग आणि पाईप, मग टाईल्स, असं काम करून घ्या. नवीन टाईल्स बसवण्याआधी पाणी साठवून चाचणी झालीच पाहिजे, ही अट कंत्राटदाराकडून लेखी घ्या.

कामाचा क्रम लक्षात ठेवा

फोडायची गरज नसेल तर क्रम असा ठेवा: तपासणी, मग वीज आणि नळ, मग सफाई, सांधे आणि सिलिकॉन, त्यानंतर रंग आणि शेवटी आरसा, दिवे, हुक. नळ आधी बदलण्याचं कारण साधं आहे. त्यात एखादी टाईल तुटलीच, तर ती ग्राउट भरण्याआधी तुटलेली बरी. कारागिराकडून माल आणि मजुरीचा हिशोब वेगवेगळा घ्या, आणि ग्राउट भरल्यावर किमान २४ तास बाथरूम कोरडं ठेवता येईल असाच दिवस निवडा.