कोपरावरचा चाकू

टेनिस एल्बोची पहिली वैद्यकीय नोंद टेनिसपटूंची नाही. १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरांनी कोपराच्या बाहेरच्या उंचवट्यावरच्या दुखण्याबद्दल लिहिलं, ते लिहून लिहून हात आखडलेल्यांच्या संदर्भात. विम्बल्डनची पहिली स्पर्धा त्यानंतर चार वर्षांनी झाली. धुणं पिळून वाळत टाकणाऱ्यांनाही हे दुखणं गाठतं, कारण मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा त्याच उंचवट्याला बांधलेली असते.

विश्रांती, पट्टा, व्यायाम करूनही दुखणं हटत नसेल तर कापायचं काय? याचं उत्तर दर पिढीत बदललं. १९२०च्या दशकात जर्मनीत गेऑर्ग होहमान यांनी कंडरेचं मूळच हाडापासून सोडवलं, म्हणजे ताण संपला. १९५५ साली बॉसवर्थ यांनी कोपरातल्या कड्यासारख्या अस्थिबंधाचा भाग काढला. १९६१ मध्ये गार्डन कोपर सोडून खाली उतरले आणि त्यांनी मनगटाजवळ कंडरेची लांबी वाढवली. १९७२ मध्ये रोल्स आणि मॉडस्ली यांनी दोष दबलेल्या नसेला दिला आणि नस मोकळी केली. गंमत म्हणजे प्रत्येकाचे बरेच रुग्ण बरे झाले.

१९७९ साली अमेरिकेत नर्शल आणि पेट्रोन यांनी कंडरा उघडून नीट पाहिली. निरोगी कंडरा पांढरी, चकचकीत, घट्ट असते. इथे आत करडा, ओलसर, ठिसूळ भाग सापडला. सूक्ष्मदर्शकाखाली सुजेच्या पेशी जवळपास नव्हत्याच. होते विस्कटलेले तंतू आणि नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या. म्हणजे ही सूज नव्हे, झीज होती. त्यांनी तेवढाच भाग काढला. ८८ कोपरांपैकी ८५ टक्के पूर्ववत कामाला लागली. पुढे हेच काम दुर्बिणीतूनही होऊ लागलं. २००५ साली सचिन तेंडुलकरच्या कोपरावर लंडनमध्ये शस्त्रक्रिया झाली, तेव्हा टेनिस एल्बो हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला.

एक परीक्षा मात्र राहिली होती. सिडनीतल्या डॉक्टरांनी २६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचा झिजलेला भाग काढला; दुसऱ्याची फक्त त्वचा कापून कंडरा उघडी केली आणि टाके घातले. आपल्यावर काय झालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. २०१८ साली निकाल छापून आला: दोन्ही गट सारखेच सुधारले.

अभ्यास लहान होता, त्यामुळे शस्त्रक्रिया मोडीत निघाली नाही. पण होहमानपासून सगळ्यांना यश का आलं, याचा उलगडा त्यात आहे. हे दुखणं बहुतेकांचं वर्ष-दीड वर्षात आपसूक ओसरतं, आणि ऑपरेशननंतर हाताला सक्तीची विश्रांती मिळते, मग हळूहळू व्यायाम सुरू होतो. म्हणूनच आज शहाणा सर्जन सहा महिने ते वर्षभर व्यायाम करून घेतो आणि मगच ऑपरेशनचा विषय काढतो.